शेवटच्या बाकावरचा प्रश्न

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजन समितीचा फोन आला तेव्हा माझा विषय त्यांनी आधीच ठरवून टाकला होता. "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर बोल. आमच्या नोकऱ्या राहणार की जाणार ते सांग." मी म्हटलं, तुमच्या राहू देत, माझी राहील की नाही हेच मला माहीत नाही. त्यापेक्षा मी एका शेतकऱ्याबद्दल बोलते. पलीकडे जरा शांतता पसरली. मग म्हणाले, "बोल, पण पंधरा मिनिटांत आवर. त्यानंतर जेवण आहे." तेव्हा आवरतेच.

सुरुवात आपल्याच वर्गापासून करते. १९९५-९६, दहावी अ. इतिहासाच्या बाई दुसरं महायुद्ध शिकवत होत्या. हिटलरने ऑस्ट्रिया जर्मनीला जोडून घेतला, हे आपल्या पुस्तकात एका ओळीत उरकलं होतं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. "बाई, एवढ्या सगळ्या माणसांत एकानेही नाही म्हटलं नाही का?" वर्ग हसला, कारण तो हात एरवी फक्त "बाई, पाणी प्यायला जाऊ?" हे विचारायला वर यायचा. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "म्हटलं असेल रे कुणीतरी. आपल्या पुस्तकात त्याचं नाव नाही." घंटा झाली आणि आपण डबे उघडले.

तो विचारणारा आज तिसऱ्या रांगेत बसला आहे. डाळिंबाची बाग आहे त्याची. सकाळी नाश्त्याच्या वेळी मी त्याला आठवण करून दिली, तर म्हणतो, "मी असं काही विचारलंच नव्हतं." विचारलं होतंस. आणि बाई, त्याचं उत्तर मला तब्बल चोवीस वर्षांनी मिळालं.

तेव्हा मी कामासाठी म्युनिकला होते. एका रात्री 'अ हिडन लाइफ' नावाचा सिनेमा पाहिला. टेरेन्स मॅलिक या दिग्दर्शकाचा, २०१९ सालचा. लांबलचक, संथ सिनेमा. अर्ध्या वेळ गवत कापताना दाखवलंय. पण शेवटी कळलं की ही खरी गोष्ट आहे, आणि ते गाव म्युनिकपासून गाडीने दोन तासांच्या आत आहे. पुढच्याच रविवारी मी गेले.

गावाचं नाव सांक्ट राडेगुंड. ऑस्ट्रियाच्या अगदी कडेला, झाल्त्साख नावाच्या नदीजवळ. नदीपलीकडे जर्मनी. आजही पाच-सहाशे वस्तीचंच गाव. गंमत बघा, हिटलर जिथे जन्मला ते ब्राउनाऊ याच जिल्ह्यात आहे. एकाच जिल्ह्याने ही दोन्ही माणसं दिली.

आपला शेतकरी म्हणजे फ्रान्त्स येगरश्टेटर. जन्म २० मे १९०७. आई शेतावर मोलकरीण, आईवडिलांचं लग्न झालेलं नव्हतं. दोघांकडेही संसार मांडण्यापुरतं काही नव्हतं. पोराला आजीने वाढवलं. वडील पहिल्या महायुद्धात मारले गेले. नंतर आईचं लग्न झालं, सावत्र वडिलांनी याला दत्तक घेतलं, आपलं आडनाव दिलं आणि पुढे शेतीही दिली. शिक्षण गावातल्या एकशिक्षकी शाळेत. पण वाचायचा खूप. पुढे एका मुलाला पत्रात त्याने अशा अर्थाचं लिहिलं होतं की जो वाचत नाही, तो स्वतःच्या पायावर उभा राहू शकत नाही, दुसऱ्यांच्या मतांनी इकडून तिकडे टोलवला जातो. आपल्या ग्रंथालयाच्या भिंतीवर लिहावं असं वाक्य आहे, सर.

आता तुम्हाला वाटेल हा लहानपणापासून संत असणार. अजिबात नाही. तरुणपणी काही वर्षं लोखंडाच्या खाणीत कामाला गेला आणि परत येताना मोटरसायकल घेऊन आला. गावातली पहिली मोटरसायकल! नाचगाण्यात पुढे, मारामारीतही पुढे. लग्नाआधीच एक मुलगीही झाली. त्या मुलीची जबाबदारी मात्र त्याने कधी टाळली नाही. म्हणजे आपल्या बॅचमधल्या एक-दोघांना ओळखीचा वाटावा असा हा गडी. नावं घेत नाही, बायका सोबत आल्या आहेत.

१९३६ च्या एप्रिलमध्ये त्याचं लग्न झालं, फ्रान्त्सिस्का नावाच्या मुलीशी. गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी भल्या पहाटे चर्चमध्ये लग्न लागलं. ना वरात, ना जेवणावळ. लग्न लावून दोघं थेट रोमला गेले. ती मूळचीच भाविक. हाही श्रद्धाळू होताच, पण लग्नानंतर दोघं मिळून बायबल वाचू लागले, प्रार्थना करू लागले. तो रोज सकाळी चर्चला जायचा आणि शेतात काम करतानाही प्रार्थना म्हणायचा. आपल्याकडे माळ घातलेला शेतकरी असतो ना, औत सोडत नाही, संसार सोडत नाही, पण माळ घातल्यापासून त्याचं सगळंच बदलतं, तसंच काहीसं. पुढे तो संत फ्रान्सिसच्या वाटेने चालणाऱ्या गृहस्थांच्या संघातही दाखल झाला. तीन मुली झाल्या: रोझी, मारिया आणि लोईझी. बाबागाडी ढकलत रस्त्यावरून जाणारा त्या गावातला तो पहिला पुरुष होता, असं सांगतात. लग्न इतकं सुखाचं असू शकतं याची आपल्याला कल्पनाच नव्हती, असं तो बायकोला म्हणायचा.

हा सुखी संसार मी मुद्दाम सांगते आहे. पुढचं सगळं याच घरात घडलं.

मार्च १९३८ मध्ये जर्मन फौजा ऑस्ट्रियात आल्या. १० एप्रिलला सार्वमत घेतलं, विलीनीकरण मान्य आहे की नाही. गावात एकच मत विरोधात पडलं. ते फ्रान्त्सचं. वरती अहवाल गेला, 'शंभर टक्के पसंती'. गावातल्या अधिकाऱ्यांनी ते एक मत गिळूनच टाकलं. बाई, त्याचं नाव पुस्तकात का नाही याचं एक कारण हेही असेल!

त्याच वर्षी जानेवारीत त्याला एक स्वप्न पडलं होतं. एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून येते आहे, लहानमोठे सगळे तिच्याकडे धावत सुटले आहेत, आणि एक आवाज सांगतो, ही गाडी नरकात चालली आहे. पुढे त्याने लिहून ठेवलं की ती गाडी म्हणजे नाझी पक्ष.

आता शेतकरी मित्रांनी जरा लक्ष द्या. नव्या सरकारने मुलांसाठी भत्ता सुरू केला. फ्रान्त्सने तो घेतला नाही. एकदा गारपीट झाली, सगळ्यांना सरकारी नुकसानभरपाई मिळाली. त्याने तीही घेतली नाही. ज्या सरकारचं काम मला मान्य नाही त्याचा पैसा मी घरात आणणार नाही, हा हिशेब. गेल्या काही वर्षांत आपल्याकडे किती वेळा गारपीट झाली आणि पंचनाम्यासाठी तलाठ्याची कशी वाट पाहावी लागते, हे तुम्ही मला सांगायचं. मला फक्त त्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणं झालं असेल ते डोळ्यांसमोर येतं. नवरा भरपाई नको म्हणून आलाय, पीक झोपलंय, आणि चूल तिला पेटवायची आहे.

तरी एक गोष्ट स्पष्ट सांगते. त्याने पहिल्या दिवसापासून बंदूक नाकारली नाही. १९४० मध्ये त्याला लष्करात बोलावलं तेव्हा तो गेला, शपथही घेतली. गावच्या प्रमुखाने शेतीचं कारण सांगून त्याला सोडवून आणलं. पुन्हा बोलावणं आलं, पुन्हा गेला, जवळजवळ सहा महिने प्रशिक्षण घेतलं. तिथे त्याने डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं. मनोरुग्ण आणि अपंग माणसांना सरकारच ठार मारतंय, अशा बातम्या त्याच्या कानावर आल्या. मग रशियावर हल्ला झाला. हे युद्ध धर्मरक्षणासाठी आहे, असं तेव्हा बरेच लोक म्हणत होते. फ्रान्त्सने शेतकऱ्यासारखा साधा प्रश्न लिहून ठेवला: दुसऱ्याच्या जमिनीवर, तेलावर, धान्यावर डोळा ठेवून जाणाऱ्याला आपण एरवी काय म्हणतो? १९४१ मध्ये घरी परतल्यावर त्याने ठरवलं, आता पुन्हा बोलावलं तर जायचं नाही.

सगळ्यांनी समजावलं. आई, नातेवाईक, मित्र. तो थेट लिंझच्या बिशपना भेटला. बिशपनीही सांगितलं की सरकार काय करतं याची जबाबदारी तुझ्यावर नाही, तुझ्यावर जबाबदारी घरादाराची आहे. ज्या चर्चसाठी तो जीव टाकायचा, त्या चर्चनेही त्याला घरी जायला सांगितलं. तुरुंगात गेल्यावर त्याने कागदावर लिहून ठेवलं की बायको आणि पोरं आहेत म्हणून देवाला दुखवण्याची मोकळीक मिळते, असं आपल्याला वाटत नाही.

फेब्रुवारी १९४३ मध्ये तिसरं बोलावणं आलं. १ मार्चला तो छावणीत हजर झाला आणि सांगितलं, मी लढणार नाही. रुग्णांची सेवा करणाऱ्या पथकात काम करायची तयारी त्याने पुढे दाखवली, ती कुणी मानली नाही. आधी लिंझचा तुरुंग, मग बर्लिन. घरून एक फोटो गेला. तिघी मुली रांगेत उभ्या आहेत, आणि सोबत पाटी आहे: 'बाबा, लवकर या.' रोझी सहा वर्षांचीही नव्हती, लोईझी तीनचीही नव्हती. हा फोटो कोठडीत हातात घेऊन बसलेल्या माणसाला कसं वाटलं असेल, ते मी सांगू शकत नाही. तुम्ही सगळे आईबाप आहात.

६ जुलैला लष्करी न्यायालयाने मृत्युदंड दिला. बायकोला एकदा भेटू दिलं, तेही पहारेकऱ्यांसमोर, सुमारे वीस मिनिटं. सोबत गावचे धर्मगुरू होते, ते त्याला शेवटचं समजावायला आले होते. ९ ऑगस्ट १९४३ ला ब्रांडेनबुर्गच्या तुरुंगात त्याच्यापुढे टेबलावर एक कागद पडलेला होता. सही केली की जीव वाचणार होता. त्याने सही केली नाही. दुपारी चार वाजता गिलोटिनखाली त्याचा शिरच्छेद झाला. वय छत्तीस. शेवटी त्याला भेटलेल्या धर्मगुरूंनी त्या संध्याकाळी काही नन्सना सांगितलं, की आयुष्यात एकच संत पाहायला मिळाला, तो हा.

इथवर सिनेमा आहे. मला पुढचं जास्त छळतं.

फ्रान्त्सिस्का तेव्हा तीस वर्षांची होती. मागे तीन मुली, सासू, गाई, शेत. गाव म्हणायला लागलं, हिच्यामुळेच तो इतका देवभोळा झाला, हिनेच त्याला मारलं. युद्धात मेलेल्या सैनिकांच्या विधवांना पेन्शन मिळालं, हिला १९५० पर्यंत नाकारलं गेलं. १९४६ मध्ये त्याच्या अस्थी गावात आल्या आणि चर्चच्या भिंतीलगत पुरल्या गेल्या. गावात कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. गॉर्डन झान नावाचे एक अमेरिकन समाजशास्त्रज्ञ भलत्याच विषयाचा अभ्यास करताना या नावापाशी अडखळले, गावात येऊन चौकशी करू लागले आणि १९६४ मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. त्यानंतर कुठे जगाला कळलं. बर्लिनच्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली १९९७ मध्ये. चोपन्न वर्षांनी. २६ ऑक्टोबर २००७ ला, ज्या लिंझमध्ये बिशपनी त्याला घरी जायला सांगितलं होतं, त्याच लिंझच्या कॅथेड्रलमध्ये चर्चने त्याला 'धन्य' घोषित केलं. संतपदाच्या अलीकडची ती पायरी. चौऱ्याण्णव वर्षांची फ्रान्त्सिस्का तिथे हजर होती. ती गेली २०१३ मध्ये, वयाची शंभर वर्षं पूर्ण करून. सत्तर वर्षं ती त्याच्याशिवाय जगली.

तिनेही आधी त्याला अडवायचा प्रयत्न केला होता. पण नंतर तिला वाटलं, सगळं गाव विरोधात असताना मीही त्याच्या बाजूला उभी राहिले नाही, तर त्याला कुणीच उरणार नाही. मग ती उभी राहिली.

मी हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? मी ख्रिस्ती नाही, इतिहासाची अभ्यासक नाही, आणि मला शूर तर कुणीच म्हणणार नाही. सांगते.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी छोट्या कर्जांच्या हप्त्यांचं सॉफ्टवेअर तपासायचं काम करत होते. त्यात एक चूक सापडली. हप्त्याच्या तारखेला बँकेची सुट्टी आली, की वेळेवर पैसे भरलेल्या माणसालाही दंड लागत होता. रक्कम लहान, पण कर्ज घेणारी माणसं कोण? शिलाई मशीनवाली, दुभती म्हैस घेणारी, टपरी टाकणारी. मी वर कळवलं. उत्तर आलं, "पुढच्या वेळी दुरुस्त करू, आज तपासणी पूर्ण झाल्याची सही कर." त्या वेळी पुण्यातल्या फ्लॅटचा हप्ता चालू होता, मुलगी चार वर्षांची होती, आणि नवऱ्याची नोकरी नुकतीच गेली होती. मी सही केली. चार महिन्यांनी ती चूक दुरुस्त झाली. मधल्या काळात कापलेले पैसे लोकांना परत गेले का, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर कळलं असतं, म्हणूनच विचारलं नाही.

माझी आणि त्याची तुलना होऊच शकत नाही. त्याच्यासमोर गिलोटिन होतं, माझ्यासमोर अप्रेझल. पण सांक्ट राडेगुंडच्या त्या भिंतीजवळ उभी होते तेव्हा मला तीच सही आठवली. बिशप त्याला जे सांगत होते, तेच मी स्वतःला सांगितलं होतं: घरदार आहे, मुलगी आहे, बाकीची जबाबदारी माझी नाही.

त्या रात्री फोनवर मी नवऱ्याला पहिल्यांदा ही गोष्ट सांगितली. इतकी वर्षं सांगितली नव्हती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "तू आमच्यासाठी सही केलीस म्हणतेस. पण मला विचारलं कधी होतंस? मी कदाचित नको म्हणालो असतो." मला काही बोलता आलं नाही. घराचं कारण पुढे करताना मी घराला विचारलंच नव्हतं. मी त्याला आणि चार वर्षांच्या पोरीला माझ्या सहीखाली साक्षीदार म्हणून उभं केलं होतं, त्यांना न सांगता.

येगरश्टेटरच्या घरात हे बोलणं झालं होतं. दोन वर्षं झालं होतं, रडून, भांडून, गुडघे टेकून. तिला माहीत होतं तो काय करणार आहे आणि त्याची किंमत तिला किती वर्षं मोजावी लागेल. त्याने केलं ते बरोबर होतं का? तीन पोरी बापाविना वाढल्या. त्या फोटोचा विचार केला की मी आजही हो म्हणू शकत नाही आणि नाहीही म्हणू शकत नाही. तो कुटुंबवत्सल नव्हता, असं मात्र मी कुणाला म्हणू देणार नाही. बाबागाडी ढकलणारा आणि तो कागद तसाच टेबलावर ठेवणारा, एकच माणूस होता.

आता माझ्यासमोर असा कागद आला, की मी आधी घरी सांगते. मुलगी आता मोठी आहे, तीही मत देते, आणि बहुतेक वेळा ते मला परवडणारं नसतं. दर वेळी मी बरोबर वागते असं नाही. पण 'तुमच्यासाठी केलं' हे वाक्य आमच्या घरात आता तेवढं सोपं राहिलेलं नाही.

पंधरा मिनिटं संपत आली, समितीचे लोक घड्याळ दाखवत आहेत.

बाई, तुम्ही त्या दिवशी "गप्प बस" म्हणाला असता, तर तो प्रश्न तिथेच मेला असता. पोर्शन पूर्ण करायचा होता, घंटा होणार होती, तरी तुम्ही त्याला उत्तर दिलंत. ते इतकी वर्षं माझ्याजवळ राहिलं. आज तुम्हाला नाव सांगायला आले आहे.

फ्रान्त्स येगरश्टेटर. शेतकरी. एकाने म्हटलं होतं, बाई. आणि दुसरी त्याच्या बाजूला उभी होती, तिचं नाव फ्रान्त्सिस्का.

तिसऱ्या रांगेतल्या मित्रा, प्रश्न तुझाच होता. आता नाकारू नकोस.

चला, जेवायला.